हलक्याफुलक्या किशोरवयीन प्रेमकादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी पोरापोरींचा वाचनकट्टा बसतो. त्याच्या व्हॉट्सअॅप गटात आठवी-नववीची लेकरं आहेत, लातूर-संभाजीनगरला रूम करून राहिलेली आहेत, काही शिक्षक आहेत आणि आता बरेच पालकही आलेत. प्रश्न मात्र तेच ते. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केलेत. प्रश्नांची भाषा ज्यांची त्यांची ठेवली आहे.

१. ताई, हा नेमका कोणता प्रकार? साधी लव्हस्टोरीच ना?

लव्हस्टोरी आहेच, पण तिला दोन-तीन अटी आहेत. नायक-नायिका साधारण पंधरा ते अठराची. गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून सांगितलेली. प्रेम पहिलंवहिलं, शेवट गोड किंवा निदान आशेवर सोडलेला. आणि पहिल्या पानावरचं पात्र शेवटच्या पानावर थोडं मोठं झालेलं दिसलं पाहिजे: घरच्यांशी वाद घालता येऊ लागला, मैत्रीण तुटली ती पुन्हा जोडली, आपल्याला काय आवडतं ते कळलं, असं काहीतरी. इंग्रजीत या वयोगटाच्या पुस्तकांना यंग अडल्ट किंवा नुसतं वायए म्हणतात. अमेरिकेतली ग्रंथपालांची संघटना त्यासाठी १२ ते १८ हा वयोगट धरते. प्रकार नवा नाही. मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ सालची आहे, आणि ती त्यांनी कॉलेजात शिकताना लिहिली होती.

२. यात असं काय असतं की माझी पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच वाचू लालीय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही सगळ्यात लांब.

माझ्या मते पहिलं कारण हे, की या पुस्तकांत चुकायला जागा असते. नायिका नको त्या मुलाला नको तो मेसेज पाठवते, वर्गासमोर फजिती होते, दोन प्रकरणं ती तोंड लपवून फिरते आणि मग सावरते. तिची शाळा बंद होत नाही, तिच्या हातून मोबाइल काढून घेऊन कुणी स्थळं बघायला लागत नाही. आपल्या भागात सोळाव्या वर्षी केलेल्या चुकीची किंमत केवढी असते, ते वेगळं सांगायला नको. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांच्यावर मार्कांचं ओझं आहेच. अशा पोरीला एक असं पुस्तक मिळतं जिथे तिच्याच वयाची कुणीतरी आठवडाभर फक्त एवढ्याच काळजीत आहे की त्यानं आपल्याकडे बघितलं की मागच्या बाकावरच्या मुलीकडे. ही चैन आहे. रात्री दोनपर्यंत जागं राहावं अशीच चैन आहे.

दुसरं कारण आवाज. 'मी' म्हणून बोलणारी नायिका वाचणारीला थेट विश्वासात घेते, आईला आणि मैत्रिणीलाही न सांगितलेलं सांगते. घरात स्वतःची खोली सोडाच, स्वतःचं कपाटही नसलेल्या पोरीला अशी सोबत फार मोलाची वाटते.

तिसरं कारण आजूबाजूची माणसं. जेनी हान यांच्या २०१४ च्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव्ह लव्ह्ड बिफोर'मध्ये सोळा वर्षांच्या लारा जीननं आपल्या आवडत्या मुलांना लिहून टोपीच्या डब्यात लपवलेली पत्रं पोस्टात पडतात आणि घोटाळा सुरू होतो. सगळे बोलतात ते तिचं ज्याच्याशी जमतं त्या मुलाबद्दल. मला विचाराल तर अर्धं पुस्तक तीन बहिणींचं आहे: आई गेलेली, मोठी परदेशी शिकायला निघालेली, आणि घर आता मधलीवर आलेलं. आमच्या कट्ट्यावरच्या मुलींनी त्या मुलाबद्दल जेवढी चर्चा केली त्याहून जास्त धाकट्या बहिणीबद्दल केली.

३. शेवट गोडच होणार हे माहीत असतं. मग वाचायचं कशाला?

कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट माहीत नसतो का? तरी तो मांडी घालून बसतो, कारण बुवा आज ते कसं रंगवतात ते त्याला ऐकायचं असतं. इथेही दोघं एकत्र येणार हे ठरलेलं आहे. मजा आहे ती अडवणुकीत. खोटंखोटं प्रेमाचं नाटक करता करता खरं होणं, भांडखोर शेजाऱ्याचं हळूहळू आवडू लागणं, जुन्या मित्राकडे एक दिवस वेगळ्या नजरेनं बघणं, हे ठरलेले साचे आहेत आणि वाचणाऱ्या पोरी ते साचे मागून घेतात. शेवटाची हमी असल्यामुळे मधली धडधड सुखाची होते.

४. आमचे सर म्हणतात हे उथळ वाचन आहे.

काही पुस्तकं आहेतच उथळ. सरांना एक कसोटी सांगून बघा: प्रेमाचा धागा काढून टाकला तर नायिकेकडे काही उरतं का? आवड, भांडण, भीती, एखादं अर्धवट सोडलेलं काम? उरत असेल तर पुस्तक चांगलं. बाकी, रडवणाऱ्या लेखकाला आपण लगेच थोर म्हणतो आणि हसवणाऱ्याला हिशोबात धरत नाही, ही आपली जुनी खोड आहे. दोन माणसांचं एकमेकांना चिडवणं तीनशे पानं ताजं ठेवणं किती अवघड असतं, ते एकदा लिहून बघावं.

५. मुलगी सहावीत आहे. मोठ्या ताईचं पुस्तक मागतेय. देऊ का?

आधी तुम्ही चाळा. वायएमध्ये साधारणपणे हात धरणं, पहिलं चुंबन, एवढ्यावर भागतं, पण सगळीकडे नाही. सतरा-अठराच्या पात्रांच्या काही पुस्तकांत त्यापुढचंही येतं. सहावीतल्या मुलीला मैत्री आणि शाळा जास्त, प्रेम चिमूटभर, अशी गोष्ट द्यावी.

खरा धोका मुखपृष्ठाचा. फिकट रंग, कार्टूनसारखी दोन चित्रं, वर गोल अक्षरं, असं दिसलं की आपण लेकरांचं पुस्तक समजतो. गेल्या काही वर्षांत मोठ्यांच्या, अगदी उघड शरीरसंबंधांच्या प्रेमकादंबऱ्याही असल्याच मुखपृष्ठांनी येतात. दुसरं म्हणजे 'न्यू अडल्ट' हा वेगळा गट आहे. अमेरिकेतल्या एका प्रकाशनसंस्थेनं २००९ मध्ये हे नाव पुढे आणलं. त्यातली पात्रं अठराच्या पुढची, कॉलेज-नोकरीतली असतात. 'डार्क रोमान्स' लिहिलेलं पुस्तक तर दहावीच्या मुलीच्या हातीही देऊ नका. त्यात पळवून नेणं, मारहाण, धाक हे सगळं प्रेमाच्या नावाखाली खपवलेलं असू शकतं. मागच्या पानावरची ओळख आणि पात्रांचं वय, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

६. हे वाचून लेकरं बिघडतात का हो? उद्या पळून गेली म्हणजे?

वडील मंडळी हा प्रश्न गटात विचारत नाहीत, वैयक्तिक मेसेज करतात. दादा, प्रेमात पडायला लेकरांना पुस्तक लागत नाही. पुस्तकातून झालाच तर एक फायदा होतो: चांगली वागणूक कशी दिसते ते कळतं. चांगल्या वायएमध्ये मुलगा विचारतो, थांबतो, नकार ऐकून घेतो. आपल्या पोरांनी जे सिनेमे बघितलेत त्यांत बऱ्याच वेळा हीरो मागे लागतो, रस्ता अडवतो आणि शेवटी मुलगी हसते. त्यापेक्षा हे हजार पटीनं बरं.

सगळीच पुस्तकं अशी नसतात, हेही खरं. मुलगी कुणाशी बोलते यावर पहारा ठेवणारा, तिच्यासाठी दुसऱ्याला ठोसे मारणारा हीरो काही ठिकाणी 'काळजी घेणारा' म्हणून मिरवतो. तेव्हा पुस्तक हिसकावू नका. तिला विचारा, तुझ्या मैत्रिणीशी कुणी असं वागला तर तू काय म्हणशील? लपवून वाचायला लावलं की हे बोलणंच बंद होतं. (पळून जाण्याची भीती खरं तर जातीपाशी येऊन थांबते. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.)

७. पुस्तकातले दोघं सोळा-सतराचे. आपल्याकडे हे कायद्यात बसतं का?

वाचायला कुणाचीच आडकाठी नाही. प्रत्यक्षात मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या व्यक्तीची शारीरिक संबंधाला दिलेली संमती कायदा मानत नाही, मग दोघं कितीही राजीखुशीनं असोत. लग्नाचं वय मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस. परदेशी पुस्तकांतले कायदे आणि रीतीभाती वेगळ्या आहेत, हे मुलांना सरळ सांगून टाकावं. सांगताना घाबरवायची गरज नाही.

८. नीटची रिपीटर आहे. लातूरला रूमवर एकटी असते. या वर्षी वाचलं तर चालेल का?

चालेल. ट्यूशन एरियात सकाळी सहाला निघालेली पोरगी रात्री मेसचा डबा खाऊन पुन्हा टेस्ट सिरीजला बसते. तिला झोपेआधी वीस-पंचवीस पानं वाचू न देण्यात काय मिळवणार? ही पुस्तकं अशा वेळी सोयीची पडतात. प्रकरणं लहान असतात, मध्येच ठेवता येतात, उद्या दुवा लागतो. दोन पथ्यं सांगते. मालिका घेऊ नये, एकाच भागात संपणारं घ्यावं. आणि मोबाइलवर न वाचता छापील वाचावं, कारण मोबाइल हातात आला की पुस्तक राहतं बाजूला आणि रील सुरू होतात. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तिची तीच बंद करते. सांगावं लागत नाही.

९. मराठीत असं काही आहे का? मला इंग्रजीचा कंटाळा येतो.

आहे, पण फार थोडं. पहिलं नाव मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चं, २००४ साली आलेल्या. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याची टोळी, शिरोडकर नावाच्या मुलीवरचं त्याचं प्रेम, आणि मुलं खरोखर बोलतात तशी भाषा. पोट धरून हसवणारी पानं आहेत. शेवट मात्र या प्रकाराला साजेसा गोड नाही. ते सांगूनच पुस्तक देते, नाहीतर पोरी भांडायला येतात.

बाकी आपल्याकडे वाचनाची शिडी मधल्या पायऱ्या गाळून उभी आहे. सातवीपर्यंत 'किशोर' मासिक आहे (१९७१ पासून सुरू आहे आणि अजूनही छान असतं), साहसकथा आहेत. त्यानंतर एकदम दुष्काळ, कर्ज, आत्मचरित्र, ऐतिहासिक कादंबरी. ते सगळं वाचावंच, आपल्या मातीतलं आहे. पण पंधरा वर्षांच्या लेकराला आपल्या भाषेत आपल्या वयाची हसरी गोष्ट मिळू नये? उदगीरला २०२२ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा ग्रंथप्रदर्शनात नववी-दहावीच्या मुलींसाठी काय आहे असं विचारत फिरले होते. बऱ्याच गाळ्यांवर मला थोरांची प्रेरणादायी चरित्रं पुढे केली गेली.

सध्या ही जागा प्रतिलिपीसारख्या अॅपवरच्या क्रमशः कथा भरून काढतात. दर्जा कसाही असतो, शुद्धलेखनाचं विचारूच नका, पण पोरी तिथे रोज जातात. वयोगटाची खात्री तिथे कमी, म्हणून प्रश्न ५ मधली काळजी तिथेही घ्यावी.

१०. मी मराठी मीडियमची. इंग्रजी झेपेल का? सुरुवात कशानं करू?

इंग्रजी वाचनाची सुरुवात करायला याहून सोपा प्रकार मला माहीत नाही. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, आणि पुढे काय होणार याचा अंदाज असल्यामुळे चार शब्द अडले तरी गोष्ट सुटत नाही. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तर बघा.

प्रश्न २ मधलं लारा जीनचं पुस्तक चांगलं. त्यावर २०१८ चा सिनेमा आहे. इंग्रजीची भीती असेल तर बिनधास्त आधी सिनेमा बघा, पुस्तक सोपं जातं. (पुस्तकप्रेमी रागावतील, रागावू देत.) दुसरं, संध्या मेनन यांचं 'व्हेन डिंपल मेट ऋषी', २०१७. अमेरिकेतल्या भारतीय घरांतली दोन मुलं उन्हाळी कोडिंग शिबिरात भेटतात. आईवडिलांनी परस्पर स्थळ जुळवायचा घाट घातलाय हे त्याला माहीत आहे, तिला नाही. ते आईवडील वाचताना आमच्या मुलींना एकही शब्द अडला नाही.

११. पोरं वाचतात का हे? आणि माझं वय अडतीस, मी वाचलं तर?

पोरं वाचतात, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. 'शाळा' मात्र उघड वाचतात, कारण त्यात 'मी' मुलगा आहे.

मोठ्यांनी लाजायचं कारण नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये बाउकर या संस्थेनं केलेल्या पाहणीत वायए पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले होते. आमच्याकडेही ज्यांचं लग्न विशीच्या आत झालं अशा काकू लेकीचं पुस्तक परत करायला येतात आणि पुढचा भाग स्वतःच्या नावावर नेतात.

१२. यात जात कुठंच येत नाही. आपल्याकडं प्रेम म्हणलं की आधी आडनाव. मग हे खोटं नाही वाटत?

वाटतं. वाटलं पाहिजे. परदेशी पुस्तकांत वंश, स्थलांतर, गरिबी हलक्या हातानं येते, पण जात तिथे असायचं कारण नाही. मराठवाड्यातला वाचक मात्र पहिल्या पानावर आडनाव वाचूनच पुढचा हिशोब मांडतो. तेव्हा मराठीत कुणी अशी गोष्ट लिहिताना सगळ्यांना नुसती पहिली नावं देऊन सुटका करून घेतली, तर ती लबाडी आमच्या पोरांना चटकन कळते.

कट्ट्यावर यावरून जोरात वाद झाला. एकाचं म्हणणं, जात आली की गोष्ट हलकी राहूच शकत नाही, शेवटी कोयताच निघणार. त्यावर दलित वस्तीतून येणारी एक मुलगी बोलली ते मला फार पटलं. तिचं म्हणणं असं की आमच्यातली पोरगी गोष्टीत आली की तिला काहीतरी भयंकर होतंच. मला एकदा तरी तिला नुसती प्रेमात पडलेली, चिडलेली, नटलेली वाचायचीय. जात घरात, पाण्यापाशी, मित्रांच्या टोमण्यांत दिसू दे, आणि तरी शेवटी ती हसत राहू दे. असं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी वाचनालयासाठी पाच प्रती घेईन.

१३. मिळतात कुठं? किमती परवडत नाहीत.

संभाजीनगरला औरंगपुरा भागातली दुकानं, बाकी ऑनलाइन. फूटपाथवर शे-दीडशेला मिळणारी चकचकीत प्रत बहुतेक वेळा चोरून छापलेली असते. लेखकाला त्यातला पैसा जात नाही, आणि ऐन मोक्याच्या प्रकरणातली पानं गायब निघतात ते वेगळंच.

सगळ्यात स्वस्त मार्ग तुमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात त्यासाठी १९६७ पासून कायदा आहे, आणि मान्यता असलेल्या वाचनालयांना अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. मागणीच्या वहीत नाव लिहा. पाच-सहा जणींनी एकच पुस्तक मागितलं तर ग्रंथपालाला समितीपुढे बोलायला आधार मिळतो. हे मी आतली माणूस म्हणून सांगतेय.

१४. मला अशीच कादंबरी लिहायचीय, पण आमच्या गावात रोमँटिक काय घडणार?

अगं, काय नाही घडत? गावातून शाळेला नेणाऱ्या मानव विकासच्या बसमध्ये रोज सकाळी खिडकीची जागा कोण कुणासाठी धरून ठेवतं, यावर तीन प्रकरणं होतील. टँकरच्या रांगेत कुणी कुणाची घागर पुढे सरकवली. गॅदरिंगच्या नाटकात नवरा-बायकोचं काम मिळालेले दोघं, जे एरवी एकमेकांशी बोलत नाहीत. साच्यांची यादी प्रश्न ३ मध्ये दिलीच आहे. खोट्या प्रेमाचं नाटक हा साचा तर इथे गॅदरिंगमध्ये आयता बसतो.

मला विचारशील तर येळवस, म्हणजे वेळा अमावास्या घे. लातूर-धाराशिवकडे त्या अमावास्येला शहरं ओस पडतात आणि सगळे रानात. कडब्याची कोप (खोपी), भज्जी (मिसळभाजी), उंडे, आंबिलाची बिंदगी (मडकं). ओळख असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला जेवायला बोलावतात. म्हणजे ज्याच्याशी तिचं भांडण आहे तो पोरगा वडिलांसोबत तिच्याच रानात जेवायला येऊन बसू शकतो, आणि तिला त्याला वाढावं लागतं. वर त्याच्या आईनं सगळ्यांसमोर म्हणावं की भज्जी आमच्यासारखी नाही जमली. झाली सुरुवात!

बोली वापर. नायिका नांदेडची असेल तर तिनं 'काय करूलालास' म्हणावं, पुण्याचं बोलू नये. निवेदनात किती बोली ठेवायची ते तुझ्या कानावर. दुष्काळ, कर्ज, घरातली चिंता लपवू नकोस, ती तिथे आहेच. फक्त या एका पुस्तकापुरतं त्या चिंतेला मागच्या बाकावर बसव. आणि नायिकेला चुकू दे. वाचणारीला तेच हवं असतं.

१५. लिहून झाली तर द्यायची कुठं?

आधी दोन वाचणाऱ्यांना दे. एक तुझ्या वयाची, एक पंधरा वर्षांची. पंधरा वर्षांची जिथे मोबाइल उचलते तिथे खूण कर. मग त्यातलं एखादं प्रकरण सुटी कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठव. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच सुरू होते, ऑक्टोबरात पाठवलं तर उपयोग नाही. अॅपवर क्रमशः टाकण्यातही कमीपणा नाही. वेल्समधल्या बेथ रीकल्स यांनी पंधराव्या वर्षी वॉटपॅड या कथा टाकायच्या अॅपवर 'द किसिंग बूथ' टाकायला सुरुवात केली होती, पुढे पुस्तक झालं आणि २०१८ मध्ये सिनेमा. (त्यातला हीरो प्रश्न ६ मधल्या दुसऱ्या प्रकारचा आहे, तो उचलू नकोस.) प्रकाशकाकडे जाताना पूर्ण हस्तलिखित घेऊन जा, आणि छपाईचा खर्च तुम्ही द्या असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी मला फोन कर.